बॉनेटवरचा अग्निपक्षी



१९७७ सालची पाँटिअ‍ॅक ट्रान्स अ‍ॅम तुमच्यापैकी काहींनी सिनेमात पाहिली असेल. काळा रंग, सोनेरी रेघा आणि अख्खं बॉनेट व्यापणारा, पंख पसरलेला अग्निपक्षी. ‘स्मोकी अँड द बँडिट’ त्याच वर्षी आला. त्यात बर्ट रेनॉल्ड्स ही गाडी पळवत पोलिसांना आपल्या मागे लावतो आणि तेवढ्यात त्याचा साथीदार ट्रकभर बिअर टेक्सारकानाहून अटलांटाकडे नेतो. तेलटंचाईमुळे तेव्हा अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा होती. ती मोडणारा नायक लोकांनी डोक्यावर घेतला. या सिनेमानंच गाडी तारली, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही.

गाडी तरली ती पाच वर्षं आधी. १९७२ मध्ये, ही गाडी जिथं बनायची त्या ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यात दीर्घ संप झाला. अर्धवट राहिलेल्या गाड्या पुढच्या वर्षीच्या बंपरच्या नियमांत बसेनात. त्या भंगारात गेल्या. त्या वर्षी ट्रान्स अ‍ॅम तयार झाल्या जेमतेम १,२८६. हे मॉडेल बंदच करावं, असा विचार मूळ कंपनी जनरल मोटर्समध्ये बळावला होता. पाँटिअ‍ॅकची माणसं मात्र हटली नाहीत.

धुराचे नियम आणि विम्याचे चढे हप्ते यांपुढे डॉज चॅलेंजर आणि पाँटिअ‍ॅकचीच जीटीओ १९७४ मध्ये संपल्या. ट्रान्स अ‍ॅमचंही बळ ओसरलं. १९७७चं ६.६ लिटरचं इंजिन फार तर २०० अश्वशक्ती देई. आज दोन लिटरचं टर्बो इंजिन तेवढी सहज देतं. पण इंजिनात जे गेलं, ते इंजिनिअरांनी वळणावर वसूल केलं. १९७८ मध्ये रुंद चाकं, जाड अँटिरोल बार आणि चपळ स्टिअरिंगचा संच मागवता येऊ लागला. १९७९ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक. एवढी जड गाडी, पण रस्ता धरून वळायची! माझ्या लेखी तिचं मोठेपण इथं आहे.

गिऱ्हाइकांनाही गाडी पटली होती. सिनेमाच्या आदल्या वर्षीच तयार झालेल्या गाड्यांचा आकडा ४६ हजारांवर गेला होता. सिनेमानं त्याला जोर दिला, हे खरंच. १९७९ मध्ये तो १,१७,१०८ झाला.

त्याच वर्षी पाँटिअ‍ॅकचं ते जुनं ६.६ लिटरचं इंजिन संपलं. आधी बनवून ठेवलेली शेवटची इंजिनं फक्त चार गिअरच्या मॅन्युअल गाड्यांत बसवली. १९८० मध्ये ४.९ लिटरचं टर्बो इंजिन आलं. जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणूनच १९७९ची ट्रान्स अ‍ॅम दिसली की आधी तिचा गिअर पाहतात.