प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंतची वाट
(अमरावती येथे उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



आज मी आपणांस एका संशोधकाची हकीकत सांगणार आहे. अकोला जिल्ह्यातील धर्मांतरित घरातला हा तरुण, वडील शेतमजूर. अभियांत्रिकीला तो खुल्या गुणवत्तेवर शिरला. पुढे विद्यापीठात कंपायलर या विषयावर संशोधन करून तो डॉक्टर झाला. माणसाने सांकेतिक भाषेत लिहिलेल्या आज्ञा तपासून त्या यंत्राला कळतील अशा रूपात उतरविणारी जी संगणकातील व्यवस्था, तिला कंपायलर म्हणतात. आज्ञेत एक चिन्ह चुकले तरी ती पुढे सरकत नाही.

हा विद्वान एका संस्थेतील राखीव जागेसाठी उमेदवार म्हणून गेला आणि अशाच एका चिन्हापाशी अडला. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले. खुल्या जागेवर प्रवेश मिळाल्यामुळे जातवैधता प्रमाणपत्र काढण्याचे कोणास सुचले नव्हते. पुढे आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातील नोंद सापडली व वैधताही मिळाली. पण तोवर जागा भरली गेली होती. आज तो तासिका तत्त्वावर शिकवीत आहे. त्याची विद्या उणी पडली नाही, कागद उणा पडला.

त्याच्या वडिलांनी मला विचारले, “वकीलसाहेब, जे जात माह्या बापानं टाकली, तेच आता मी कागदावर लिवाची का?”

हा प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट देतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्राचे दार बंदच होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्यांनी व त्यांच्या मुलांनी हे नुकसान सोसले, पण धम्म सोडला नाही. अखेर १९९० साली संसदेने त्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द घातला. म्हणजे कायदा आपणांस जुन्या धर्मात परत बोलावीत नाही. आपल्या पूर्वजांवर जो अन्याय झाला, त्याचा पुरावा तेवढा तो मागतो. धर्म बौद्ध लिहावा आणि मूळ अनुसूचित जातीची नोंद पुरावा म्हणून जपावी. यात दीक्षेचा भंग नाही.

याकरिता तीन गोष्टी करा. पहिली, १० ऑगस्ट १९५० पूर्वीची आजा-पणजाची नोंद शोधा; शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जे मिळेल ते. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे, असे महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ सांगते. दुसरी, मूल शिकत असतानाच महाविद्यालयामार्फत वैधतेचा अर्ज करा, मग प्रवेश खुल्या जागेवर झालेला असो. तिसरी, केंद्रीय संस्थेत अर्ज करताना त्या संस्थेने दिलेल्या नमुन्यातच प्रमाणपत्र घ्या.

परंतु कागद पुरे असूनही जागाच नाहीशी होऊ शकते. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा घटक ठरविला, आणि ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे पत्र काढले. तेरा बिंदूंच्या नामावलीत अनुसूचित जातीची पहिली जागा सातवी येते. सहा जागांच्या संगणक विभागात ती पाळी यावी केव्हा? देशभर या निर्णयाविरुद्ध आवाज उठला आणि २०१९ साली संसदेने कायदा करून संपूर्ण केंद्रीय संस्था हा एक घटक ठरविला. तो कायदा केंद्रीय संस्थांपुरता आहे. म्हणून राज्यातील संस्थेची जाहिरात पाहिली की तिची बिंदुनामावली मागा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे.

खुर्ची मिळाली म्हणजे सारे मिळाले, असेही समजू नका. नोव्हेंबर १९१८ मध्ये परमपूज्य बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांना वाटले. बाबासाहेबांनी शिकविणे सोडले नाही. पगारातून पैसा साठविला आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते लंडनला गेले.

याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिराच्या दारासाठी आपली माणसे झगडली. आज आपणांस मंदिराचे दार नको. आपल्या मुलांना ज्ञानाच्या घरात शिकविणाऱ्याची जागा हवी आहे. घरी गेल्यावर आज रात्रीच पेटी उघडा आणि आजोबांचा कागद शोधा.

जयभीम! नमो बुद्धाय!