'ऊन' आणि 'व'
(स्वागताध्यक्षीय भाषण, सेक्टर 2, भिलाई)



बायबलच्या भाषांतरावर बोलायला उभा असलो, तरी मी हिब्रूचा पंडित नव्हे, कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. पण भाषांतर भिलाईच्या पायातच आहे. 1955 मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. त्या दिवसांत रशियन तज्ज्ञ आणि आपली माणसं यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. भट्टीसमोर क्रियापद चुकून कसं चालेल?

क्रियापद घरीही चुकतं. काल पुण्याचे एक पाहुणे दुर्ग स्टेशनवर उतरले. फोनवर आमच्या घरून उत्तर गेलं, "या ना, आम्ही जेवून राहिलो." त्यांना वाटलं, यांची जेवणं उरकली, म्हणून ते स्टेशनवरच पुरी-भाजी खाऊन आले. आम्ही तर पानावर बसलेलो! आमच्या वैदर्भी वळणाच्या मराठीत त्याचा अर्थ 'जेवत आहोत'. 'जेवून'मधला तोच 'ऊन' प्रत्यय तिकडे, पुण्याकडे, काम संपवतो, इकडे चालू ठेवतो.

हाच 'ऊन' बायबलच्या मराठी भाषांतरकाराचीही परीक्षा घेतो. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम मुलाचा बळी द्यायला निघतो. आपण सहज सांगू: पहाटे उठून, गाढवावर खोगीर घालून, मुलाला घेऊन, लाकडं फोडून अब्राहाम निघाला. ओघवतं मराठी! पण यात खरी क्रिया एकच उरली, निघाला. बाकीची तयारी झाली. हिब्रूत तसं नाही. तिथे सहा स्वतंत्र क्रियापदं एकापुढे एक येतात: पहाटे उठला, खोगीर घातलं, बरोबर घेतलं, लाकडं फोडली, उठला, गेला. प्रत्येकाच्या आधी 'व'. हा 'व' लागला, की एरवी अपुरी क्रिया दाखवणारं रूप कथेतला भूतकाळ होतं. आपला 'व' अरबी-फारसीकडून आला, म्हणजे हिब्रू 'व'चंच भावंड. बापाच्या मनात काय चाललंय, याबद्दल कथाकार अवाक्षर काढत नाही. पण प्रत्येक क्रियापदापाशी बाप थांबू शकला असता, आणि थांबला नाही. 'ऊन' लावला की ती सहा दारं एका दमात ओलांडली जातात.

पुढे दोनदा येतं की ते दोघे बरोबर चालले. शेवटी मात्र 'परतला' हे एकवचन, कर्ता एकटा अब्राहाम. मुलाचं नाव तिथे नाही. शतकानुशतकं वाचक विचारताहेत, इसहाक कुठे गेला? भाषांतरकाराने दयेपोटी तिथे 'परतले' लिहिलं, तर हा प्रश्नच मरतो.

काही ठिकाणी मात्र मराठी जन्मजात तयार आहे. रानात पळून आलेल्या दासीला, हागारेला, देवदूत विचारतो, कुठून आलीस, कुठे जातेस? हिब्रू क्रियापदाला तिचं बाईपण ठाऊक आहे, मराठीलाही. देवासाठीचा 'एलोहीम' हा शब्द रूपाने अनेकवचनी, पण त्याचं क्रियापद एकवचनी. आपण उलट, एकाच वडिलांना 'आले' म्हणतो! मग 'देवाने निर्माण केलं' हे एकेरी वाक्य मराठी कानाला उद्धट वाटतं का, की जवळचं? यावर आज वाद झाला तर स्वागताध्यक्ष खूश होईल.

हिब्रू आणि मराठीची ही गाठ जुनी आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनच्या पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी अखेरपर्यंत केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. मुक्तीतल्या बायकांनीच छापखान्यात खिळे जुळवले. संस्कृतासाठी कलकत्त्यात 'पंडिता' झालेल्या या बाईंनी खेड्यातल्या बाईला कळेल असं साधं मराठी निवडलं.

आणि हे सारं आपल्यापासून लांब नाही. नागपूरकडून गाडीने आलेल्यांना दुर्गच्या आधी राजनांदगाव लागलं असेल. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून त्याच राजनांदगावला निघाले होते, तेव्हा डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तर मंडळी, निबंध वाचताना एकच विनंती: नामांवर भांडण आपण नेहमीच करतो, आज क्रियापदांवर करू. गैरसोय झाली तर माझा कान धरा. जेवण एक वाजता. आणि आतून कोणी "आम्ही जेवून राहिलो" म्हणालं, तर स्टेशनवर जाऊ नका. सरळ पंगतीत बसा.