परक्या नावाचे २८ महिने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा संतवाङ्मय किंवा नाट्यसंगीत अशी असावी. आम्ही सांगितले, 'अमेरिकेतील मोटारसायकलवाल्यांच्या टोळ्या आणि त्यांत वेष पालटून शिरलेले सरकारी नोकर'. त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेले भाव पाहता प्रथम थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. आम्ही पोलीस खात्यातले नव्हे. केंद्र सरकारच्या एका निरुपद्रवी कार्यालयात फायलींच्या सहवासात आमची हयात गेली. या विषयाने आम्हांस ओढले, ते त्यातला नायकही आमच्यासारखाच केंद्र सरकारचा पगारी नोकर होता म्हणून.

त्याचे नाव विल्यम क्वीन. दारू, तंबाखू व शस्त्रे यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय विभागात तो अधिकारी होता. हा विभाग २००३ च्या जानेवारीत न्याय मंत्रालयाकडे गेला; त्यापूर्वी तो तेथील अर्थ मंत्रालयाखाली होता. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बोलायचे, तर एक अबकारी अधिकारी दाढी वाढवून, हार्ले-डेव्हिडसनवर स्वार होऊन खुनशी माणसांच्या टोळीत जाऊन बसला.

या टोळ्यांची कुळकथा थोडक्यात सांगतो. १९४७ च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरला आणि त्यात बराच दंगा झाला. त्यानंतर स्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने 'शंभरातले नव्याण्णव स्वार सज्जन आहेत' असे म्हटल्याची आख्यायिका आहे. संघटनेच्या दप्तरी मात्र तसे काही सापडत नाही. पण उरलेला एक टक्का तो आपणच, असे म्हणून या टोळ्यांनी एक टक्क्याचा बिल्ला अभिमानाने छातीवर लावला. 'हेल्स एंजल्स' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध टोळी, १९४८ सालची. 'मंगोल्स' ही टोळी १९६९ च्या सुमारास लॉस एंजल्सजवळच्या माँटेबेलो येथे निघाली. तिच्यात मेक्सिकन वंशाचे तरुण पुष्कळ होते, आणि हेल्स एंजल्सनी दाराबाहेर ठेवल्यामुळेच त्यांनी आपली वेगळी चूल मांडली असे सांगतात. पुढे दोन्ही टोळ्यांत वैर माजले, आणि त्याचे एक कारण ऐकून आपणांस हसू येईल. जाकिटाच्या पाठीवर खालच्या पट्टीत 'कॅलिफोर्निया' हा शब्द कोणी लावायचा, हा तो वाद! एका शब्दाच्या कापडी तुकड्यासाठी माणसे मारली गेली.

या टोळ्यांना अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार असतात. वर्गणी असते, नियमित बैठका असतात, नियमावली असते. आमच्या कार्यकारिणीतील सभासदांनी कृपया याचा वेगळा अर्थ घेऊ नये.

१९९८ साली एका खबऱ्या व्यक्तीने क्वीनच्या विभागाशी संपर्क साधला आणि मंगोल्सच्या सॅन फर्नांडो शाखेत एखाद्या अधिकाऱ्याचा शिरकाव करून देण्याची तयारी दाखविली. क्वीनने ते काम अंगावर घेतले आणि तो 'बिली सेंट जॉन' झाला. टोळीत कोणालाही एकदम सभासदत्व मिळत नाही. प्रथम नुसते अवतीभवती वावरायचे, मग उमेदवारी. उमेदवार म्हणजे सर्वांचा गडी. बिअर आणून द्यायची, रात्री गाड्यांवर पहारा करायचा, सांगेल त्याची सांगेल ती हमाली करायची. आणि गंमत अशी की, मंगोल्सनी त्याच्याकडून रीतसर अर्जही भरून घेतला. शिक्षण, पूर्वीच्या नोकऱ्या, कराची कागदपत्रे सगळे मागितले आणि खासगी गुप्तहेराकरवी तपासण्याची व्यवस्था केली. अस्तित्वातच नसलेल्या माणसाचे आयुष्य कागदोपत्री उभे करावे लागते ते यासाठी. नोकरशाहीला नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, त्या माणसाचा जीव नीट तयार केलेल्या कागदपत्रांवरही टांगलेला होता.

अर्थात कागदांवर सर्व भागत नाही. एकदा टोळीच्या शिस्तरक्षकाने त्याला एकांतात नेले, आणि शस्त्राच्या धाकाखाली तू पोलीसच आहेस असा आरोप करून त्याची उलटतपासणी केली. थोडा स्वर कापला असता तरी तो परत आला नसता. तो टिकला, पूर्ण सभासद झाला आणि पुढे शाखेचा खजिनदारही झाला! कागदी कामाचा मुळात कंटाळा असलेला हा मनुष्य चोरांचे हिशेब लिहू लागला, आणि टोळीच्या गुन्ह्यांचा पुरावा आपोआप हाती येऊ लागला.

हेर म्हटले की आपणां मराठी माणसांना बहिर्जी नाईक आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु दोन्ही कामांत मोठा भेद आहे. बहिर्जींना बातमी आणायची होती. ती महाराजांना पटली की काम झाले. क्वीनला पुरावा आणायचा होता, आणि तो भर न्यायालयात वकिलांच्या माऱ्यापुढे टिकायला हवा होता. म्हणून अंगावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र लपवून त्यांच्यात बसायचे. चोरीत सामील असल्यासारखे दिसायचे, पण ज्याच्या मनात गुन्हा नाही त्याला गुन्ह्यास प्रवृत्त करायचे नाही, कारण तसे झाले तर खटलाच कोसळतो. टोळीने एखाद्याला मारहाण करावी आणि आपण आपला खरा धर्म न सांगता तेथे उभे राहावे, हे किती काळ जमणार? क्वीनने ते २८ महिने केले.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला तिच्याकडे येतो. या काळात क्वीनची आई वारली. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, तो परतला तेव्हा त्याच्या विभागातील सहकाऱ्यांपैकी कोणी सांत्वनाचा शब्द काढला नाही. मंगोल्सना मात्र कळले, तेव्हा एकेकाने पुढे येऊन त्याला मिठी मारली. याच लोकांना त्याला तुरुंगात धाडायचे होते! त्यांच्यातील क्रौर्य त्याने डोळ्यांनी पाहिले होते, त्याबद्दल त्याच्या मनात संभ्रम नव्हता. पण ती मिठी खोटी नव्हती, हेही त्याला नाकारता येईना.

या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना गावाकडून आईच्या वा वडिलांच्या निधनाची तार या शहरात आली असेल. त्या संध्याकाळी दारात प्रथम कोण उभे राहिले, हे कोणी विसरत नाही. आम्हीही विसरलेलो नाही. म्हणून क्वीनच्या त्या ओळींवर आम्ही फार वेळ थांबलो. बंदुकीच्या धाकाला तोंड देण्याचे शिक्षण विभाग देऊ शकतो. शत्रूने पाठीवरून हात फिरविला असता काय करावे, याचे शिक्षण कोण देणार? निदान आपल्या माणसाच्या पाठीवर आधी आपला हात असावा, इतके कार्यालयाला अशक्य नव्हते.

२००० साली मोहीम उघड झाली आणि पन्नासाहून अधिक अटका झाल्या. २००५ साली क्वीनने आपले अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

त्याच विभागातील जे डोबिन्स याची कथा तर अधिक कडू आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने गोळी झेलली होती. पुढे ॲरिझोनात तो हेल्स एंजल्समध्ये शिरला. त्यांचा विश्वास मिळावा म्हणून एका मंगोलच्या खुनाचे नाटक रचण्यात आले. २००३ साली आरोपपत्रे दाखल झाली; पण तपास करणारे आणि खटला चालविणारे यांच्यात बेबनाव होऊन प्रकरणाचा बराच भाग ढासळला. धमक्या मात्र चालूच राहिल्या. २००८ च्या ऑगस्टमध्ये त्याचे घर जाळण्यात आले. बायकामुले कशीबशी वाचली. आणि त्याच्या विभागाने काय करावे? काही अधिकाऱ्यांनी त्यालाच संशयित ठरविले! तो न्यायालयात गेला, आणि २०१४ साली न्यायाधीशांनी त्याला १,७३,००० डॉलर्स देण्याचा निर्णय दिला.

टोळ्या नष्ट झाल्या काय, असे कोणी विचारील. नाही झाल्या. २००२ च्या एप्रिलमध्ये नेवाडातील लॉफलिन येथील जुगारगृहात मंगोल्स आणि हेल्स एंजल्स यांची चकमक होऊन तीन माणसे मेली. पुन्हा चार अधिकारी मंगोल्समध्ये शिरले आणि २००८ साली पुन्हा मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. सरकारने टोळीचे बोधचिन्हच जप्त करण्याचा दावा लावला. २०१९ साली न्यायाधीशांनी ५ लाख डॉलर्सचा दंड कायम केला, पण विचारस्वातंत्र्याच्या तत्त्वास धरून चिन्ह टोळीकडेच राहू दिले. तरीही ज्यांना या टोळ्यांच्या शस्त्रांचा आणि अमली पदार्थांचा उपद्रव होत होता, त्यांच्या दृष्टीने ते २८ महिने वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

कार्यवाह घड्याळाकडे पाहत आहेत. प्रश्न असल्यास चहाच्या वेळी अवश्य विचारावेत.