पानावरची पांढरी रेघ



धान कापून घरात आला की आपलं लक्ष सांदवाडीकडे वळतं. वाल, बरबटी, टमाटर, काकडी, थोडा सांभार. लेकरांच्या ताटातली भाजी तिथूनच येते आणि उरली तर आठवडी बाजारात दोन पैसेही देते. मग एक दिवस पानावर पांढरी, वाकडीतिकडी रेघ दिसते. खडूनं गिरवल्यासारखी. आज आपण या रेघेविषयी बोलू.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या वालावर अशा रेघा आल्या. आम्ही घाबरलो. दुकानातून औषध आणून फवारलं. आठ दिवसांनी पुन्हा रेघा, पुन्हा फवारणी. तिसऱ्या फवारणीनंतर तर पानं आधीपेक्षा जास्त पांढरी झाली. पैसे गेले ते गेलेच, वर त्या शेंगा लेकरांना वाढायला मन धजेना. आपलं चुकलं कुठं, हे आम्ही शोधायला लागलो.

ही रेघ म्हणजे नागअळीचा रस्ता. तिची माशी जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी-पिवळी. ती पानाला टोचून आत अंडं घालते. दोन-चार दिवसांत अळी निघते आणि पानाच्या वरच्या व खालच्या सालीमधला हिरवा गर खात पुढं सरकते. अळी वाढते तशी रेघही रुंद होते. आठवडाभरात ती साल फाडून मातीत पडते, कोष करते आणि त्यातून नवी माशी निघते. सगळा फेरा साधारण तीन आठवड्यांचा.

ही माशी मूळची आपल्याकडची नाही, अमेरिकेकडची. आपल्या देशात ती १९९० च्या सुमारास हैदराबादच्या बाजूला एरंडीवर दिसली आणि मग सगळीकडे पसरली.

आता आमची चूक ऐका. अळी असते पानाच्या आत. वरवर फवारलेलं बरंचसं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय ही माशी औषधांना लवकर सरावते. मग मरतं कोण? पानावर फिरणारे आपले मित्र.

हे मित्र म्हणजे बारीक गांधीलमाश्या. नाव ऐकून भिऊ नका, त्या माणसाला डसत नाहीत. तिळापेक्षाही लहान, काही काळ्या, काही हिरव्या-निळ्या चमकदार. यातली एक जात पानावरून चालत आतली अळी हुडकते, तिला टोचून लुळी करते आणि तिच्याशेजारी अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू नागअळीला खाऊन मोठं होतं. दुसरी जात अळीच्या अंगातच अंडं घालते. अळी मातीत जाऊन कोष करते, पण त्या कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते. मातीत पडलेल्या अळ्यांना मुंग्याही सोडत नाहीत.

आम्हालाही हे ऐकून खरं वाटलं नव्हतं. म्हणून दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत आमच्या फवारलेल्या वालाची रेघांची पानं ठेवली, दुसरीत गटातल्या एका आजीच्या बरबटीची. आजीनं कधीच काही फवारलं नव्हतं. बुडाशी कोरडा कागद, तोंडाला पातळ कापड बांधलं आणि बरण्या सावलीत ठेवल्या. पंधरा दिवसांनी पाहिलं तर आमच्या बरणीत बहुतेक काळ्या-पिवळ्या माश्याच. आजीच्या बरणीत माश्या थोड्या आणि चमकदार गांधीलमाश्या जास्त! आजी म्हणाली, "मी तर काहीच केलं नाही बाई." तिनं काही केलं नाही, म्हणूनच तिचे राखणदार जिवंत राहिले.

मग आपण काय करायचं?

रेघ दिसली की पान तोडून उजेडापुढं धरा. रेघेच्या रुंद टोकाला पिवळी, हलणारी अळी असेल तर ती जिवंत. तपकिरी, सुकलेली असेल तर मित्रांचं काम झालंय. रेघ रिकामी असेल, तर अळी कधीच निघून गेली. आता फवारून उपयोग नाही.

रोप दोन-चार पानांचं असेल तर जपावं लागतं. जिवंत अळीची पानं तोडून नष्ट करा. पण वेल मोठा झाला असेल, तर खालच्या थोड्या पानांवर रेघा आल्या म्हणून शेंगा कमी होत नाहीत. तिथं धीर धरा.

सांभाराची दोन-चार झाडं फुलू द्या. त्या फुलांचा रस गांधीलमाश्यांना लागतो.

जिवंत अळ्या वाढतच गेल्या, तर निंबोळीचा अर्क करा. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यानं गाळून दहा लिटर पाणी करा, त्यात वीस ग्रॅम साबण विरघळवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या पडतात, तेव्हाच गटानं वेचून सावलीत वाळवून ठेवाव्यात.

फवाऱ्याशी खेळ नको, बायांनो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कपाशीची शेतं होती. आपली वाडी तर घराला लागून असते. तिथंच लेकरं खेळतात, कोंबड्या चरतात, विहिरीचं पाणी असतं.

शंका आली तर गटातल्या कृषी सखीला विचारा. नाहीतर चार पानं घेऊन सिंदेवाहीच्या किंवा गडचिरोलीत सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीला एक बरणी नक्की भरा. पंधरा दिवसांनी तुमच्या वाडीत राखणदार किती आहेत, ते तुम्हीच मोजा. मगच दुकानाची वाट धरायची की नाही ते ठरवा.

जय सेवा!