शाळा मुलाच्या दारी
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी पाककृती, भरतकाम, आरोग्य अशा विषयांवर कुणीतरी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले, तेव्हा मी विषय मागून घेतला. तो म्हणजे शाळेबाहेर राहिलेले मूल. मी काही व्याख्याती नाही, सातवी शिकलेली गृहिणी आहे. परंतु हा विषय शाळेइतकाच आपल्या उंबरठ्याचाही आहे, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करते.

एखादे मूल शाळेत जात नाही म्हटले की आपण पटकन म्हणतो, "आईबापांना पर्वा नाही," किंवा "मुलातच काही कमी आहे." तिसरीही एक गोष्ट असू शकते, ती आपल्या ध्यानात येत नाही. मूल बरे असते, आईबापही बरे असतात, पण शाळा त्या मुलाला सोयीची नसते.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात दोन बायकांनी फार पूर्वी ओळखली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. लहानपणी कपाळ पुसले गेले तरी त्या जिद्दीने शिकल्या, शिक्षिका झाल्या. बोर्डीला बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुले काही येईनात. तेव्हा ह्या दोघींनी मुलांना नावे ठेवली नाहीत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरवून त्यांनी बालवाडी उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावेत, मग गाणी आणि खेळ. महागडी साधने आणायची कुठून? शंखशिंपले, चिंचोके, खडे, पाने हीच साधने झाली. पुढे १९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी योजना काढली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव पडले.

पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले वारली समाजाची. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड, मग ती शाळेत बसणार कशी? म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर काढले. मुलगे गुरांमागे रानात जात, म्हणून शिक्षक पाटी घेऊन कुरणात गेले. गुरे चरत आहेत आणि मुले शिकत आहेत, अशी ती कुरणशाळा. प्रत्येक मुलाची अडचण निराळी, म्हणून तोडही निराळी. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण त्यांचा खरा मान मला ह्यात वाटतो की "तू का येत नाहीस?" असे मुलाला दरडावण्याऐवजी त्यांनी "तुला काय अडते?" असे विचारले.

आता आपल्या गल्लीकडे वळू. इथे गुरे नाहीत, पण अडलेली मुले आहेत. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे पाय चालत नाहीत, कुणाची समज सावकाश वाढते. माझ्या शेजारची एक मुलगी चार वर्षांची झाली तरी हाकेला ओ देईना. सगळे म्हणत, हट्टी आहे. एका शाळेने, बोलायला लागली की आणा, म्हणून परत पाठवली. अंगणवाडीच्या सेविकाबाईंना मात्र संशय आला. २०१३ पासून सरकारचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासायला येतात. त्यांना ती दाखवली, आणि पोरीला ऐकूच येत नव्हते असे निघाले.

पुढचे काम दोघींनी वाटून घेतले. समाजसेविकाबाईंनी जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन तपासण्या करवल्या, दाखला काढला, कानाचे यंत्र मिळवून दिले, दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणे केले. विशेष शिक्षिकाबाई घरी येऊन आईला शिकवू लागल्या. पोरीसमोर बसून बोलावे. आपल्या तोंडावर उजेड पडेल असे बसावे. ओट्याकडे तोंड करून, पाठमोरे बोलू नये. कुकरची शिटी, नळाचे पाणी चालू असताना शिकवू नये. पोळी लाटताना पोळी दाखवून 'पोळी' म्हणावे, रोज म्हणावे. भगिनींनो, ह्यात आपल्याला न जमण्यासारखे काय आहे? ती पोर आज पहिल्या बाकावर बसते. शब्द अजून थोडे आहेत, पण आईला हाक मारते. हेच दोन वर्षे आधी कळते, तर किती शब्द वाढले असते! कारण भाषा शिकण्याचे खरे वय तेच असते.

कायदाही ह्या मुलांच्या बाजूचा आहे. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. ज्याला दिव्यांगत्वाचा ठराविक प्रमाणाचा दाखला मिळतो, अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्यासाठीच्या खास शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. पण कायदा काही दार वाजवायला येत नाही. मूल घरात आहे, हे आधी कुणीतरी सांगावे लागते. ते शेजारणीइतके कुणाला ठाऊक असणार?

आणि एक स्पष्ट बोलते, राग मानू नये. मूल दाराआड राहते ते पुष्कळदा आपल्या बायकांच्या जिभेला भिऊन. "मागल्या जन्मीचे भोग," "आईचा पायगुण" असली वाक्ये हळदीकुंकवाच्या तबकाबरोबर फिरतात. मग ती आई पोरीला माहेरी ठेवून येते, नाहीतर स्वतःच येत नाही. शाळेची पायरी उंच असेल तर उतरण बांधता येते. ह्या पायरीला गवंडी कुठून आणावा?

म्हणून मंडळापुढे तीन मागण्या ठेवते. पहिली, प्रत्येकीने आपल्या गल्लीत शाळेबाहेर असलेल्या मुलाची माहिती, त्याच्या आईला विश्वासात घेऊन, सेविकाबाईंना द्यावी. दुसरी, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अशा आयांना मुलासकट बोलावणे करावे आणि मुलाच्या हातावरही तिळगूळ ठेवावा. तिसरी, मंडळाची खोली आठवड्यातून दोन दुपारी विशेष शिक्षिकाबाईंना द्यावी, म्हणजे चार आया एकत्र बसून शिकतील. ह्याला पैसा लागत नाही. किल्ली लागते, आणि ती आपल्याच चिटणीसबाईंच्या पदराला आहे!

अनुताईंनी अंगण शोधले. आपल्याजवळ तर अंगण, खोली, माणसे सारे आहे. पुढल्या वर्धापनदिनी अहवालात ह्या तीन गोष्टींचे काय झाले ते वाचले जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.