कोरियातील इंग्रजीचा मास्तर



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. त्यानंतर एका कारखान्यात लेथवर हेल्पर म्हणून लागलो, तेथून युनियनच्या कचेरीत आलो, आणि इंग्रजी शिकलो ते कारखान्याचे स्थायी आदेश समोर व शब्दकोश शेजारी ठेवून. त्यामुळे मला इंग्रजीत फुलांची नावे सांगता येत नाहीत. 'टर्मिनेशन' आणि 'ग्रॅच्युइटी' हे शब्द मात्र झोपेत विचारले तरी सांगेन. अशा माणसाने इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांविषयी बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण माझी त्या मास्तरांशी ओळख झाली ती याच दोन शब्दांमुळे.

२०२३ च्या नोव्हेंबरात मी आठ दिवस दक्षिण कोरियात होतो. तेथील कामगार संघटना दर वर्षी १३ नोव्हेंबरच्या सुमारास मोठा मेळावा भरवतात. त्या निमित्ताने परदेशी कामगारांची एक छोटी बैठक होती. तेथे मागच्या बाकावर एक तिशीचा तरुण अवघडून बसला होता. दक्षिण आफ्रिकेतला, इंग्रजीचा शिक्षक. माझे मोडकेतोडके इंग्रजी ऐकताच तो हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. ती त्याची धंद्याची सवय होती. त्याने दुसऱ्या दिवशी मला इंचॉनला आपल्या खोलीवर बोलावले. मी गेलो, आणि त्याचा सबंध दिवस पाहिला.

कोरियात खाजगी शिकवणीच्या वर्गाला 'हागवॉन' म्हणतात. आपल्याकडचे क्लासच म्हणा ना! याचा क्लास एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होता. खाली तळलेल्या कोंबडीचे दुकान, त्यावर दाताचा दवाखाना, त्यावर पियानोचा वर्ग, त्यावर तायक्वांदोचा. दुपारी पिवळ्या गाड्या येऊन थांबत, शाळेतून सुटलेली मुले उतरत आणि जिने चढत. काही मुले पियानोला थांबत, काही वर येत. क्लासमध्ये प्रत्येक मुलाला एक इंग्रजी नाव दिलेले. दहा महिने ज्याला 'केविन' म्हणून हाक मारली त्या मुलाचे खरे नाव आपल्याला ठाऊक नाही, असे तो मास्तर मला म्हणाला, आणि थोडा ओशाळला.

दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत तास चालत. एक संपला की दुसरा. मध्ये उभ्याउभ्या किंबाप खायचा. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेला भात. वर्गाच्या कोपऱ्यात कॅमेरा, आणि त्याचे चित्र संचालकांच्या खोलीत. मुले गोड होती. मास्तरचा हात धरून त्यावरचे केस ओढून पाहत. पण सातव्या तासाला त्यांच्या माना पुस्तकावर कलत, आणि त्यांना उठवणे हेही मास्तरचेच काम. सोल शहरात रात्री दहानंतर असे वर्ग चालवू नयेत असा नियम करावा लागला, आणि २००९ साली तेथील घटना न्यायालयाने तो उचलून धरला. यावरून मुले कधीपर्यंत बसवली जात असतील याची कल्पना करा.

हे सर्व कशासाठी? १९९७ पासून कोरियात तिसरीपासून इंग्रजी शिकवतात. पुढे विद्यापीठ-प्रवेशाची एकच मोठी परीक्षा असते. मी तेथे असतानाच, गुरुवार १६ नोव्हेंबरला, ती झाली. मुलांच्या वाटेत गर्दी नको म्हणून त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडल्या. इंग्रजी ऐकून उत्तरे लिहायची असतात ती पस्तीस मिनिटे सबंध देशात विमाने उतरू दिली नाहीत आणि उडू दिली नाहीत. जो देश एका विषयासाठी विमाने थांबवतो त्या देशातले आईबाप काय थांबणार! २०२४ साली शाळकरी मुलांच्या सर्व विषयांच्या खाजगी शिकवणीवर तेथे २९.२ लाख कोटी वॉन खर्च झाले. आपल्या पैशात सुमारे पावणेदोन लाख कोटी रुपये.

एवढा पैसा जेथे वाहतो तेथे मास्तर गबर झाला असेल, असे आपल्याला वाटेल. मलाही वाटले होते. त्याचा पगार होता महिना २३ लाख वॉन. आकडा ऐकून मी दचकलो; मग कागदावर हिशेब मांडला. २०२३ साली कोरियाचे किमान वेतन तासाला ९,६२० वॉन होते. महिन्याचे धरतात २०९ तास. म्हणजे वीस लाख दहा हजार. त्याच क्लासमध्ये २०१३ साली काम केलेल्या एकाला २१ लाख मिळत, असे तो म्हणाला. त्या वर्षी किमान वेतन ४,८६० होते. महिन्याला दहा लाख सोळा हजार भरत. तेव्हा दहा वर्षांपूर्वी हा मास्तर किमान वेतनाच्या दुप्पट कमवत होता, आणि आता तो जेमतेम त्याच्या वर होता. त्याला हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्याने कधी मांडून पाहिले नव्हते.

रात्री त्याच्या खोलीवर गेलो. दाराला किल्ली नाही, आकडे दाबून उघडते. आत एकच खोली. जमीन खालून गरम केलेली, त्यामुळे थंडीत पाय सुखावतात. शेगडीखाली कपडे धुण्याचे यंत्र, आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. मी विचारले, "भाडे कोण देतो?" तो म्हणाला, "क्लासचा मालक." "व्हिसा?" "तोही मालकाच्या नावावर बांधलेला. दुसरीकडे जायचे तर बहुधा त्याचे सोडचिठ्ठीचे पत्र लागते." गिरणीमालकाच्या चाळीत राहणारा माणूस संपाच्या वेळी का कचरत असे, हे माझ्या आजोबांनी मला सांगितले होते. नोकरी जाते ती एकटी जात नाही, डोक्यावरचे छप्परही नेते. या परदेशी मास्तरचा तर देशात राहण्याचा हक्कही त्याच मुठीत होता.

आणि मूठ आवळली गेली होतीच. त्याच्या कराराचे वर्ष १४ जानेवारीला पुरे होणार होते. कोरियात वर्ष पुरे करणाऱ्या कामगाराला नोकरी सोडताना वर्षामागे एक महिन्याचा पगार द्यावा लागतो, आणि तो चौदा दिवसांच्या आत. मालकाने नोव्हेंबरात नोटीस दिली होती: मुले कमी झाली, १५ डिसेंबरपासून येऊ नका, खोली रिकामी करा. म्हणजे अकरा महिने पुरे! बंधूंनो, हा अकराचा आकडा ऐकून मला परक्या देशात असल्यासारखे वाटेनासे झाले.

मी म्हटले, "तक्रार कर." तो म्हणाला, "मी कामगार नाही, शिक्षक आहे. येथे मुले मला वाकून नमस्कार करतात. मी भांडणे शोभत नाही." हे वाक्य मी मराठीत कितीतरी वेळा ऐकले आहे. क्लासच्या मास्तरांकडून, परिचारिकांकडून, पतपेढीतल्या कारकुनांकडून.

तेव्हा मी त्याला १३ नोव्हेंबरची गोष्ट सांगितली. ती त्या देशात राहूनही त्याला ठाऊक नव्हती. जॉन ते-इल हा सोलच्या कापडबाजारातला शिंपी. तेथे बुटक्या माळ्यांवर लहान मुली चौदा-चौदा तास शिवणकाम करीत. देशात १९५३ पासून कामगार कायदा होता, हे या शिंप्याला उशिरा कळले. त्याने ते पुस्तक मिळवले. पण ते चिनी अक्षरांनी भरलेले, त्याला धड वाचता येईना. आपल्याला एखादा कॉलेजातला मित्र असता तर, असे तो हळहळत असे. अर्ज करून थकला, आणि १९७० साली १३ नोव्हेंबरला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हा कायदा पाळा म्हणत त्याने स्वतःला पेटवून घेतले. शब्दकोश घेऊन कायदा वाचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट सांगताना नेहमी थांबावे लागते. त्या रात्रीही थांबलो. मग म्हटले, "ज्या कायद्यासाठी तो जळला तो तुलाही लागू आहे. तू तर कॉलेजात शिकलेला आहेस."

पण करार इंग्रजीत एक आणि कोरियनमध्ये एक होता. कोरियन वाचणार कोण? त्याच क्लासमध्ये एक कोरियन शिक्षिका होत्या. दुसऱ्या दिवशी त्या तास संपल्यावर आल्या, कोट न काढता बसल्या, आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. क्लासमध्ये पाचांहून अधिक माणसे नोकरीला होती, हे त्यांनीच सांगितले. पाचांहून कमी असती तर अन्याय्य बडतर्फीविरुद्ध तेथे दाद मागता येत नाही. त्यांच्या साक्षीने अर्ज तयार झाला. मी परत आलो.

जानेवारीच्या अखेरीस त्याचे पत्र आले. कामगार आयोगाची चौकशी सुरू होताच मालकाने नोटीस मागे घेतली. वर्ष पुरे झाले, महिन्याचा पगार हाती पडला, सोडचिठ्ठीही मिळाली. मला अतिशय आनंद झाला. मी सगळ्या कचेरीला पेढे वाटले. रात्री पत्र पुन्हा वाचताना ध्यानात आले की त्या कोरियन बाईंविषयी त्यात अक्षर नाही. त्यांची नोकरी राहिली की गेली? त्यांना खोली नव्हती, परतीचे तिकीट नव्हते, पगारही त्याच्याहून कमी, असे त्याच म्हणाल्या होत्या. आठ दिवसांत मी त्यांचे नावसुद्धा विचारले नव्हते. मी विचारणारे पत्र पाठवले. तोपर्यंत तो दुसऱ्या गावी गेला होता. त्यालाही सांगता आले नाही. तीस वर्षे संघटना बांधणाऱ्या माणसाची ही चूक आहे, आणि ती मी येथे कबूल करतो.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीच्या शिक्षकाचा हा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० साली अमलात आलेल्या करारामुळे अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांनाही शाळेत सहायक शिक्षक होण्याची वाट आहे. पण त्या बैठकीत फिलिपाइन्सची एक बाई होती. मायदेशी इंग्रजीची शिक्षिका, कोरियात कारखान्यात कामाला. तिच्या इंग्रजीला तेथे किंमत नव्हती. तिचाही व्हिसा मालकाशीच बांधलेला. ती आणि तो मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा एका बाकावर बसले होते.

आता आपल्या गावाकडे वळतो. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक हा 'वर्कमन' नव्हे, असा निर्णय दिला. ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र खाजगी शाळांतल्या शिक्षकांना कायद्याने मिळाला, आणि २०२२ साली त्याच न्यायालयाने तो कायम केला. या सभागृहात खाजगी शाळांतले आणि क्लासमधले शिक्षक बसलेले मला दिसतात. आपल्यापैकी कितीजणांचे नेमणूकपत्र अकरा महिन्यांचे आहे, हे मी हात वर करून विचारणार नाही. आपले संचालकही येथे बसले असतील. घरी जाऊन ते पत्र काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नाही समजले तर आमची कचेरी रात्री साडेनऊपर्यंत उघडी असते. शब्दकोश टेबलावरच आहे. आणि येताना, ज्या सहकाऱ्याने ते पत्र तुम्हाला वाचून दाखवले असेल, त्यालाही बरोबर घेऊन या. या वेळी मी नाव विचारीन.