हवा किती किलो?

सभागृहात आज तरुण मंडळी बरीच आहेत, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. गाडीचा टर्बो बदलायचा म्हटलं की गॅरेजमध्ये पहिली चौकशी होते ती बूस्टची. किती बार मारतो? माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच: इंजिनात दर मिनिटाला हवा किती किलो जाणार? जेवढी हवा वजनाने आत जाईल तेवढंच पेट्रोल नीट जळेल, आणि ताकद त्यातूनच येते.

1918 साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, 14,000 फुटांवर चढवलं. समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत 230 वर आलं. टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर 356 मिळाली. डोंगराने काढून घेतलेली हवा टर्बोने भरून दिली.

आता गाडीकडे येऊ. 1998 साली आलेली ऑडी टीटी घ्या. 1,781 सीसी, चार सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह. आपल्याकडे आलेली पहिली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस याच कुळातल्या इंजिनावर चालायची. टीटीमध्ये कंपनीने हे इंजिन दोन रूपांत दिलं: के03 टर्बो लावून 180 अश्वशक्ती, आणि त्याहून मोठा के04 लावून 225. टर्बो अपग्रेड खुद्द कारखान्याने करून दाखवलेलं आहे. आपला हिशेब ताडून पाहायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेतं. 5,900 आरपीएमला, जिथे 225 अश्वशक्ती मिळते, तिथे 1.78 लिटर गुणिले 2,950. मिनिटाला सुमारे 5,250 लिटर. सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, म्हणून नव्वद टक्के धरू: 4,700 लिटरच्या आसपास. 20 अंश तापमानाला हजार लिटर हवेचं वजन साधारण 1.2 किलो, तेव्हा टर्बोविना आत जाते 5.7 किलो. पेट्रोलच्या टर्बो इंजिनात मिनिटाला एक किलो हवेमागे ढोबळमानाने 22 अश्वशक्ती मिळते. 5.7 किलोवर झाली सव्वाशे. 225 हवी तर 10.2 किलो हवा लागेल, म्हणजे तिची घनता 1.8 पट करावी लागेल.

मग 0.8 बार बूस्ट दिला की काम झालं? नाही. खरी गोम इथेच आहे. हवा दाबली की तापते. 20 अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 72 टक्के असली, तर ती बाहेर पडते 110 अंशांच्या आसपास. गेजवर पूर्ण एक बार दिसतो, पण घनता वाढलेली असते जेमतेम दीडपट. तीच हवा इंटरकूलरने 40 अंशांवर आणली, तर इंटरकूलरमधला थोडा दाब गमावूनही आपण 1.8 पटीला पोचतो. छोट्या टर्बोकडून तेवढीच हवा ओढून काढायची म्हटली तर त्याची कार्यक्षमता घसरते. ती 60 टक्क्यांवर आली की हवा सव्वाशे अंशांच्या वर निघते, नॉकिंगचा धोका वाढतो आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो. बूस्ट वाढवलेला, पण पिकअप तिथल्या तिथे, हा अनुभव ज्यांना आलाय त्यांनी याचं कारण इथे शोधावं.

म्हणून टर्बो विकत घेण्याआधी त्याचा कॉम्प्रेसर मॅप मागा. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्यावर दाबाचं गुणोत्तर, मध्ये कार्यक्षमतेची वर्तुळं. आपले आकडे मधल्या वर्तुळांत पडले पाहिजेत. फार डावीकडे गेलात तर सर्ज: हवा उलटी फिरते आणि बेअरिंगवर धक्के बसतात. फार उजवीकडे गेलात तर चोक, तिथे कितीही फिरवा, हवा वाढत नाही.

ऑडीने काय केलं पाहा. मोठ्या टर्बोबरोबर एकाऐवजी दोन इंटरकूलर दिले, इंजेक्टर मोठे केले, कॉम्प्रेशन 9.5 वरून 9.0 वर आणलं. एवढं सगळं केल्यावर मिळाली 45 अश्वशक्ती. त्याची किंमतही मोजली: 180 वाल्या गाडीत पूर्ण टॉर्क 1,950 आरपीएमला येतो, 225 वालीत 2,200 ला. शहरातल्या सिग्नलला हा फरक पायाला जाणवतो. नुसता टर्बो बदलून शंभर वाढवून देतो म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारेन की इंटरकूलरचं आणि इंजेक्टरचं काय ठरवलंत.

आपल्या हवामानाचाही हिशेब धरा. 40 अंशांच्या उन्हात हवा 20 अंशांच्या मानाने सहा-सात टक्के हलकी असते. युरोपातल्या माहितीपत्रकावरचा आकडा मे महिन्यात नागपुरात तसाच मिळणार नाही. आणि रस्त्यावरच्या गाडीत हात घालण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरसीवरचे तपशील मूळ तपशिलांपासून बदलतील असे फेरफार मालकाला सरसकट करता येत नाहीत.

काम झाल्यावर अंदाज तपासायचा तो डायनोवर. आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच डायनोवर काढा, दोन्ही वेळी आत येणाऱ्या हवेचं तापमान लिहून ठेवा, आणि आकडा चाकांपाशी मोजलाय की क्रँकपाशी धरलाय हे विचारून घ्या. माझे 22 अश्वशक्तीचे गणित क्रँकपाशी लागू पडते; चाकांपर्यंत पोचताना गिअरबॉक्स आणि टायर त्यातला वाटा खातात.